सतरा नंबरचा आवाज

नाव घालणं हे नवनाथचं काम नव्हतं. चाचणीच्या कागदावर लेखकाने ती जागा मुद्दाम कोरी सोडली होती, कारण पाणमांजराच्या पिल्लाचं नाव काय ठेवायचं यावर स्टुडिओत दोन आठवडे वाद चालला होता आणि तो मिटण्याची चिन्हं नव्हती. येणाऱ्या प्रत्येक कलाकाराला सांगितलं जायचं, इथे ‘बाळा’ म्हणा आणि पुढे चला. सोळा जणांनी ‘बाळा’ म्हटलं आणि पुढे गेले. सतराव्याच्या वेळी मात्र नवनाथच्या अंगात शहाणपण संचारलं. त्याने कोऱ्या जागेत निळ्या पेनाने नाव लिहिलं: आल्हाद. सायखेड्याच्या शाळेत त्याला सुंदर हस्ताक्षराचं बक्षीस मिळालं होतं. त्या हस्ताक्षराचा इतका वाईट उपयोग त्याने त्याआधी कधी केला नव्हता.

स्टुडिओ म्हणजे कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या तीन खोल्या. खाली डॉक्टरांचं यंत्र सुरू झालं की वर माइकमध्ये दात कोरल्याचा आवाज यायचा, म्हणून ध्वनिमुद्रण दुपारी एक ते चार, दवाखाना बंद असताना. चालवणाऱ्या स्वरदाताई मुंबईत बारा वर्षं कार्टूनं करून नाशिकला परतल्या होत्या, आणि नवनाथ त्यांच्याकडे पात्रांसाठी आवाज शोधायचा. ही नोकरी घरी समजावून सांगताना त्याची फार दमछाक व्हायची. आईने सगळ्या भावकीत सांगून टाकलं होतं की पोरगा टीव्हीत आहे. वडिलांनी शांतपणे विचारलं होतं, "आवाज शोधतो म्हंजे? कुणाचा हरवला हाय का?"

बहुतेकांना वाटतं की आधी चित्र काढतात आणि मग त्याच्या तोंडात आवाज घालतात. नोकरी लागेपर्यंत नवनाथलाही तसंच वाटायचं. असतं उलटं. माणूस आधी बोलतो. तो कुठे दम घेतो, कुठे अडखळतो, हे सगळं आवाजात उतरतं, आणि चित्रकार त्या मापाने पात्राचं तोंड उघडतात, मिटतात, मान वळवतात. आवाजात जे नसेल ते चित्रात येत नाही. म्हणून स्वरदाताईंचा एक कडक नियम होता: निवड होईपर्यंत आवाजाच्या मालकाचं नाव त्यांना कळता कामा नये. नवनाथ प्रत्येक चाचणीला फक्त नंबर द्यायचा, आणि ताई समोर पात्राचं चित्र ठेवून एकामागून एक नंबर ऐकायच्या.

या वेळचं चित्र होतं एका कासवाचं. गोदावरीकाठच्या प्राण्यांची मालिका होती. त्यात पुरानंतर काठावर उभं राहून पाणमांजराच्या हरवलेल्या पिल्लाला हाक मारणारं म्हातारं कासव. पहिल्या सोळा जणांनी त्याचे हाल केले. नाटकातल्या एका ज्येष्ठ नटाने प्रत्येक वाक्यानंतर खोकून दाखवलं. मालेगावहून आलेल्या नकलाकाराकडे अकरा म्हातारे तयार होते. त्याने अकराही काढले आणि बारावा हवा असेल तर उद्यापर्यंत बसवून देतो म्हणाला. एका निवेदकाच्या तोंडून कासव असं बोललं, की आता ते दीपप्रज्वलनासाठी कुणालातरी व्यासपीठावर बोलावणार असं वाटावं.

"सगळे म्हातारे होऊन दाखवतायत," स्वरदाताई म्हणाल्या. "मला म्हातारा नकोच आहे. मला वाट बघता येणारा माणूस पाहिजे. कासव दुसरं करतं काय?"

असा माणूस कुठे मिळतो, हे नवनाथला माहीत नव्हतं. तो मिळाला तेव्हा नवनाथ शोधतही नव्हता.

माघात त्याचे आजोबा सावळीराम गेले, एक्याण्णवाव्या वर्षी, जेवून हात धुवून. दहाव्यासाठी सगळी भावकी सायखेड्याहून दोन जीप करून रामकुंडावर आली. केरू न्हाव्याने ओळीने सगळ्यांची डोकी केली आणि विधीला बसले वेणीमाधव गुरुजी. सत्तरी ओलांडलेले, अंगाने काटकुळे, खांद्यावर पंचा. आजूबाजूला कर्ण्यावरची सूचना, खेळण्यांच्या पिपाण्या, परगावच्या यात्रेकरूंचा गलका. गुरुजींनी मात्र आवाज चढवला नाही. ते चार शब्द म्हणायचे, "म्हणा" म्हणायचे, आणि यजमानाने ते चार शब्द म्हणेपर्यंत थांबायचे. मग पुढचे चार.

नवनाथचे वडील दहा दिवस रडले नव्हते. मांडव, पाहुणे, जेवणावळी यात त्यांना तेवढी सवड मिळाली नव्हती. कुंडावर मात्र स्वतःच्या बापाचं नाव उच्चारायची वेळ आली आणि ते अडले. ‘सावळीराम’ हा शब्द घशातून बाहेर येईना. शेजारच्या गुरुजींनी एव्हाना दोनदा नाव सांगून पुढचा मंत्र धरला असता. वेणीमाधव गुरुजींनी नाव पुन्हा सांगितलं नाही, पुढेही गेले नाहीत. पुढे केलेला हात तसाच ठेवून ते पाण्याकडे पाहत राहिले. मागे दोन कुटुंबं खोळंबली होती. बराच वेळ गेला. मग वडिलांनी नाव घेतलं, आणि गुरुजी मधे काहीच झालं नसल्यासारखे पुढचे चार शब्द म्हणाले.

भादरलेलं डोकं घेऊन नवनाथ मागे उभा होता आणि त्याच्या मनात कासव आलं. आजोबांच्या पिंडासमोर उभं राहून कार्टूनचा विचार केल्याची लाज त्याला आजही वाटते. पण कान ऐकतच राहतात, त्यांना सुतक पाळता येत नाही.

गुरुजींचा पत्ता केरूने दिला. केरू गंगेवर, म्हणजे गोदेच्या घाटावर, तीस वर्षं बसलेला माणूस. पत्त्याबरोबर त्याने गुरुजींच्या गुडघेदुखीपासून ते घरमालकाच्या तऱ्हेवाईकपणापर्यंत सगळं सांगितलं. एकच गोष्ट सांगितली नाही, कारण नवनाथने ती विचारली नाही.

पंचवटीत, कपालेश्वराच्या मागच्या बोळात, पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. दार गुरुजींच्या पत्नी इंदिराकाकूंनी उघडलं. त्या पालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. निवृत्तीला दहा वर्षं झाली तरी समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत त्याच्या कपड्यांची बटणं तपासायची सवय गेली नव्हती. नवनाथने सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे मी कार्टून व्हायचं," गुरुजी म्हणाले.

"कार्टून म्हणजे… कासव, गुरुजी."

"जा की," इंदिराकाकू आतून म्हणाल्या. "तुम्हाला फारसं काही बदलावं लागणार नाही."

गुरुजी हसले. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसलं असावं, असं नवनाथला वाटलं, आणि का वाटलं ते त्याला सांगता आलं नसतं.

निघताना काकूंनी त्याला गुळपापडीच्या वड्या दिल्या, जुन्या, जाड स्टीलच्या डब्यात. म्हणाल्या, "डबा तेवढा परत आण. सावकाश आण, पण आण." बसमध्ये नवनाथने डबा उघडला. झाकणावर नाव कोरलेलं होतं: ‘चि. आल्हाद याच्या मुंजीनिमित्त, आत्याकडून.’ खाली तारीखही असावी, पण ती घासून घासून पुसली गेली होती. नवनाथने सरळ अर्थ लावला. चिरंजीव लिहिलंय, मुंजीतलं भांडं आहे, म्हणजे घरात एक आठ-दहा वर्षांचा नातू असणार. पुण्याला वगैरे असेल. आता या माणसाला कासव व्हायचं आहे आणि हरवलेल्या पिल्लाला हाक मारायची आहे. ‘बाळा’ म्हणण्यापेक्षा नातवाचं नाव घेतलं तर आवाजात माया उतरेल. कलाकाराला असं काहीतरी आतलं द्यावं लागतं, हे त्याने कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं. वड्या खाता खाता त्याला आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं. वड्याही छान होत्या.

चाचणीला गुरुजी धोतर-उपरण्यात आले. काचेच्या खोलीतल्या उंच स्टुलावर बसायला त्यांनी नकार दिला; पाय लोंबकळत ठेवून माझ्याच्याने चार शब्द नीट बोलवत नाहीत, म्हणाले. मग जमिनीवर चटई आली आणि माइक खाली उतरवला गेला. गळ्यातली रुद्राक्षमाळ वाजत होती, ती काढून ठेवावी लागली. त्यांनी तीनदा पळीभर पाणी घेतलं, चष्मा लावला आणि उजवा हात माइकपुढे धरला, समोर यजमान बसला असावा तसा. वाचायला सुरुवात केली आणि नवनाथने कपाळाला हात लावला. गुरुजी अर्धं वाक्य म्हणायचे आणि माइक ते परत म्हणेल याची वाट बघायचे. नवनाथने काचेतून दोनदा खुणा केल्या, मग नाद सोडला.

"पूर येतो, तसा जातोही," गुरुजींनी वाचलं. थांबले. "या काठावरून मी असं… पुष्कळ पाणी पाहिलं."

पुढे ते नाव होतं.

गुरुजी थांबले. नवनाथच्या पडद्यावर आवाजाची रेघ सपाट पळत राहिली. आधी त्याला वाटलं, नेहमीचंच थांबणं आहे. मग वाटलं, चष्म्यातून दिसत नाहीये. एकोणीस सेकंद ती रेघ तशीच होती. पुढे तो आकडा त्याने इतक्या वेळा पाहिला की विसरणं शक्य नव्हतं. मग गुरुजींनी नाव घेतलं. हाक मारली म्हणता येणार नाही. शेजारच्या खोलीतल्या माणसाला, तो झोपलाय की जागा हे ठाऊक नसताना, विचारावं तसं घेतलं. "आल्हाद." आणि मग, "ये रे. पाणी ओसरलंय."

चष्मा काढून त्यांनी तो उपरण्याने पुसला आणि माळ गळ्यात घातली. बाहेर आल्यावर विचारलं, "हे नाव कुणी घातलं?"

"मीच," नवनाथ अभिमानाने म्हणाला. "तुमच्या डब्यावर वाचलं. म्हटलं, तुम्हाला आवडेल."

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले. कागदाच्या चार घड्या घालून त्यांनी तो कनवटीला लावला. चाचणीचा कागद बाहेर न्यायचा नसतो, पण ते सांगण्याइतकी नवनाथची छाती झाली नाही. चहा टाकला होता, तो न घेताच ते जिना उतरून गेले. माणूस मितभाषी आहे, पण आतून खूश झाला असणार, असा निष्कर्ष नवनाथने काढला.

स्वरदाताईंनी सतरा नंबर दोनदा ऐकला. तिसऱ्यांदा लावू का, असं नवनाथने विचारलं तर नको म्हणाल्या. मग स्वतःचाच नियम मोडून विचारलं, "कोण आहे हा माणूस?" आणि चित्रकारांना सांगितलं, मधली जागा कुणीही कापायची नाही. त्या एकोणीस सेकंदांत चित्रकारांनी कासवाची मान अर्धी आत नेली, परत बाहेर आणली, पाण्यावरून एक पान वाहत जाऊ दिलं, मग तोंड उघडलं. ज्यांना ज्यांना तो नमुना दाखवला, ते सगळे पाहून झाल्यावर थोडा वेळ खुर्चीतच बसून राहिले. मुंबईच्या चॅनेलने तेवढ्यावर पूर्ण मालिका मंजूर केली.

आता गुरुजी हवे होते, आणि गुरुजी फोन घेत नव्हते. काकू एकदोनदा बोलल्या, निरोप देते म्हणाल्या, पुढे काही नाही. महिना गेला. शेवटी ताईंनी दुसऱ्या आवाजांना तो प्रसंग करून बघायला बोलावलं. पाच जण आले. चटईवर मांडी घालून बसले, एकोणीस सेकंद थांबले आणि त्यांनी पिल्लाला हाक मारली. पाचही जण तरबेज होते. पण थांबताना ते किती छान थांबले आहेत, हे ऐकू येत होतं. कासवाच्या तोंडाला तो आवाज बसेना.

नवनाथ गंगेवर गेला. केरू एका माणसाच्या डोक्याला पाणी लावत बसला होता.

"आले का केस?" त्याने आधी तीच चौकशी केली. "दाट आलेत. आजोबांची कृपा म्हणायची."

"गुरुजी फोन घेत नाय, केरूमामा."

"काय केलंस तू?"

"काय नाय. त्यांच्या नातवाचं नाव घातलं होतं कागदात. आल्हाद. तेवढं वाचलं त्यांनी."

केरूचा वस्तरा थांबला. अर्ध्या डोक्याने बसलेला माणूसही न सांगता स्थिर झाला.

"नातू नाय रे तो," केरू म्हणाला. "पोरगा. एकच होता."

मग केरूने उरलेलं डोकं करता करता सगळं सांगितलं. आल्हाद पुण्यात नोकरीला होता, एकोणतीस वर्षांचा, लग्न व्हायचं होतं. एकवीस सालच्या एप्रिलमध्ये आजारी पडला आणि सहाव्या दिवशी गेला. गुरुजी आणि काकू दोघंही इथे तापाने अंथरुणावर. पुण्याला जाणं झालं नाही. तोंड बघायला मिळालं नाही. क्रिया तिकडेच चुलतभावाने उरकली. आयुष्यभर लोकांच्या मेलेल्या माणसांची नावं घेतलेल्या माणसाला स्वतःच्या पोराचं नाव घ्यायची वेळच आली नाही, आणि ती टळली ती टळलीच. घरात त्याचा विषय निघाला तर ‘तो’ म्हणतात. नाव दोघंही घेत नाहीत.

"काकूंचं एकच म्हणणं, पोराचं नाव एकदा घ्या," केरू म्हणाला. "सर्वपित्रीला गुरुजी यजमानांचं आटोपून स्वतःच्या घरचं तर्पण करत्यात. बाप, आजा, पणजा, आई, मग पोराची ओळ येती, मग काका-मामा. बाकीच्यांना तेच सांगत्यात की मुलगा गेला असंल तर त्याचंबी नाव घ्या, चालतं. काकू दरवर्षी येऊन तिथं, तिसऱ्या पायरीवर उभ्या राहत्यात. चार वर्षं झाली. गुरुजी त्या ओळीपाशी आले का सरळ काकांवर जात्यात. काकू मग गपचूप घरी."

नवनाथ पायरीवर बसला. चार वर्षं काकू जे नाव ऐकायला पायरीवर उभ्या राहत होत्या, ते त्याने एका झेरॉक्स कागदावर लिहून म्हाताऱ्याच्या हातात दिलं होतं. त्याला नंबर टाकला होता. मग ते निदान चाळीस लोकांना ऐकवलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्यांचे चेहरे बघत उभा राहिला होता.

स्टुडिओत येऊन त्याने ताईंना सगळं सांगितलं. त्या बराच वेळ पेन्सिलीला टोक काढत राहिल्या.

"जाऊन सांग त्यांना," शेवटी म्हणाल्या. "मागायला जाऊ नकोस, सांगायला जा. नको म्हणाले तर तो प्रसंग काढून टाकू."

"ताई, चॅनेलनं त्याच प्रसंगावर हो म्हटलंय."

"मला माहीत आहे ना ते, नवनाथ."

दुसऱ्या दिवशी तो पंचवटीत गेला. गुरुजी खिडकीशी बसून दर्भाच्या जुड्या बांधत होते. त्याने उभ्या उभ्याच, पाठ केल्यासारखी, एका दमात माफी मागितली. डबा, झाकण, चिरंजीव, नातू असेल असं वाटलं, सगळं. गुरुजींनी मान वर केली नाही. इंदिराकाकू मात्र हातातलं काम टाकून बाहेर आल्या.

"नाव घेतलं?" त्यांनी विचारलं. नवऱ्याला नाही, नवनाथला. "ह्यांनी?"

म्हणजे त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं. नवनाथला एकदम कळलं की माफी मागता मागता आपण दुसरी चूक केली आहे. तो हो म्हणाला.

"मला ऐकव."

नवनाथने गुरुजींकडे पाहिलं. ते जुडीला गाठ मारत होते. काकूंनी पंखा बंद केला.

फोनमधून गुरुजींचा आवाज आला. पूर येतो, तसा जातोही. पुष्कळ पाणी पाहिलं. मग काहीच नाही. काकूंना वाटलं संपलं, त्यांनी हात पुढे केला. नवनाथने थांबा अशी खूण केली. खाली बोळातून एक स्कूटर गेली. मग ते नाव आलं.

काकू रडल्या नाहीत. म्हणाल्या, "तो खाली खेळत असला की हे असेच बोलवायचे. खिडकीत उभं राहून, असं हळू. त्याला कधी ऐकूच जायचं नाही. मग मी ओरडायची." आणि नवऱ्याकडे वळल्या. "म्हणजे येतं तुम्हाला."

"कागदावर होतं," गुरुजी म्हणाले. "वाचलं."

"मी एकतीस वर्षं मुलांकडून धडे वाचून घेतले. वाचलेलं मला कळतं."

हातातली जुडी सोडून गुरुजींनी पुन्हा बांधली. मग पहिल्यांदाच नवनाथकडे पाहून म्हणाले, "ते नाव काढून टाका. टीव्हीवर नको. पोरं खेळात घेतील, कुणी चिडवतील एकमेकांना. जागा राहू दे."

"जागा राहू दे म्हणजे… कासवाचं तोंड हलेल आणि आवाज नाय येणार, गुरुजी."

"हलू दे. ज्याला कळायचं त्याला कळेल." आणि जरा थांबून, "बाकीचं येऊन बोलतो मी. आणि ते ध्वनिमुद्रण पुसून टाका."

"आधी माझ्या फोनवर दे," काकू म्हणाल्या. "मग पुसा काय ते."

गुरुजींनी त्याला हरकत घेतली नाही. नवनाथने तिथेच बसून काकूंच्या फोनवर ते पाठवलं, कुठलं बटण दाबलं की वाजतं ते दोनदा दाखवलं, त्यांनी तिसऱ्यांदा स्वतः करून पाहिलं. स्टुडिओत जाऊन त्याने सतरा नंबर सगळीकडून काढला. अंतिम प्रसंगात कासवाचं तोंड उघडतं, मिटतं आणि काहीही ऐकू येत नाही. चित्रकारांना ही चूक वाटली, चॅनेलच्या माणसाला तर तीनदा वाटली. स्वरदाताईंनी प्रत्येकाला एकच उत्तर दिलं, चूक नाही, तसंच आहे.

आषाढ-श्रावणात गुरुजी एकूण अकरा दुपारी आले. मांडी घालून बसायचे, माळ काढून ठेवायचे, हात पुढे धरायचे. पहिल्याच दिवशी नवनाथ काचेमागची जागा सोडून आत, त्यांच्यासमोर चटईवर जाऊन बसला. गुरुजी चार शब्द म्हणायचे, आणि तो तेच चार शब्द आवाज न करता ओठांनी परत म्हणायचा, म्हणजे त्यांचा खोळंबा होत नसे. स्टुडिओतली मंडळी त्याला ‘यजमान’ म्हणायला लागली. तो चिडला नाही. आपल्या नोकरीत आपण केलेलं बरोबर काम कुठलं, असं कुणी विचारलं असतं तर त्याने तेवढंच सांगितलं असतं.

डब्याचं राहिलंच होतं. रिकामा डबा परत करायचा नसतो, हे सायखेड्यातही चालतं आणि पंचवटीतही, पण त्यात काय घालून द्यायचं हे त्याला सहा महिने सुचलं नव्हतं. पेढे नेले तर कशाचे म्हणून? शेवटी आईनेच घरच्या द्राक्षांचे बेदाणे भरून दिले. सर्वपित्रीला गुरुजी आणि काकू दोघंही कुंडावर भेटतील, तिथेच देऊन टाकू, असा विचार करून तो अमावस्येच्या सकाळी पिशवीत डबा घेऊन गेला.

पायरी पायरीला माणसं होती. गुरुजींच्या यजमानांचं आटोपलं आणि ते स्वतः पाण्यात उतरले, गुडघ्यांमुळे केरूच्या खांद्याचा आधार घेत. त्यांना पाण्यात सोडून केरू परत आपल्या गिऱ्हाइकापाशी जाऊन बसला. काकू तिसऱ्या पायरीवर उभ्या होत्या. नवनाथ त्यांच्या दोन पावलं मागे थांबला. गुरुजींनी वडील घेतले, आजोबा, पणजोबा, आई. प्रत्येक नावाला ओंजळीतून पाणी पडत होतं. घाटावर ओरडा चालू होता, कुणीतरी छोट्या मुलाला मागे ओढत होतं. नवनाथने बोटांवर नकळत सेकंद मोजायला घेतले आणि लगेच सोडून दिले.

गुरुजींनी ओंजळ भरली आणि थांबले.

मग म्हणाले, "आल्हाद."

तितकंच हळू, जसं स्टुडिओत म्हणाले होते. आणि चार शब्दांनंतर थांबायच्या पन्नास वर्षांच्या सवयीने, परत म्हणणारं कुणी समोर नसताना, ते थांबले.

"आल्हाद," इंदिराकाकू म्हणाल्या. मोठ्याने, खिडकीतून बोळाच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात. दोन-तीन जणांनी वळून पाहिलं. केरूने हातातलं डोकं तसंच धरून ठेवलं होतं.

गुरुजींनी मागे पाहिलं नाही. ओंजळीतलं पाणी सोडलं, ओंजळ पुन्हा भरली, आणि काकांचं नाव घेतलं.

नवनाथला पिशवीतला डबा एकदम जड लागला. त्या क्षणी काकूंपुढे जाऊन, ज्याच्या झाकणावर ते नाव आहे तो डबा त्यांच्या हातात ठेवणं त्याला जमेना. काकू गुरुजींना वर यायला हात देत होत्या. आज नको, असं म्हणून तो गर्दीतून मागच्या मागे निघाला आणि सरळ कॉलेज रोडला आला.

बेदाणे स्टुडिओतल्या लोकांनी दोन दिवसांत संपवले. चांगले आहेत, आणखी आण, असंही म्हणाले. डबा धुऊन, पुसून नवनाथच्या टेबलावर आहे, झाकणावरचं नाव दिसेल असा. सावकाश आण, असं काकू म्हणाल्या होत्या खऱ्या. पण आण, असंही म्हणाल्या होत्या.